डावीकडची सीट

बायकोला मी चारचौघांत कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. ‘ही’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. इथेही तसंच लिहितो. हिला जाऊन नऊ महिने झाले. हिच्या जीपमध्ये डावीकडच्या सीटवर जी नागपूरची मुलगी बसायची, तिचा मला ही असताना हेवा वाटायचा. ही गेल्यावर तो आपोआप विझेल अशी माझी समजूत होती, कारण आता हेवा करण्यासारखं कोणाकडेच काही उरलं नव्हतं. ती समजूत खोटी ठरली.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. गाडी चालवायला शिकलो नाही. घाटात मला मळमळतं आणि सपाट रस्त्यावर झोप येते. ही बँकेत होती. सेहेचाळिसाव्या वर्षी हिने एक जुनी जीप घरी आणली आणि दर रविवारी पहाटे निघून जायला लागली. रस्ता नसेल तिथे गाडी घालायची, अडकली की सगळ्यांनी मिळून ओढून काढायची, आणि संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायचं, असा तो छंद. सुरुवातीला मी हसायचो. मग हसणं बंद केलं, कारण हिचं तिकडे लक्षच नसायचं.

अशा प्रवासात एकट्या चालवणाऱ्याचं भागत नाही. शेजारी बसलेल्याच्या मांडीवर एक वही असते. तिच्यात तीन रकाने. पहिल्यात अंतर, दुसऱ्यात बाण काढून दाखवलेलं वळण, तिसऱ्यात खूण: वडाचं झाड, तुटकं फाटक, ओढा. प्रत्येक मोठ्या खुणेपाशी गाडीतला अंतर मोजणारा मीटर शून्यावर आणायचा आणि पुढचं नव्याने मोजायचं. धोका असेल तिथे उद्गारचिन्ह. एक म्हणजे जपून, दोन म्हणजे अगदी हळू, तीन म्हणजे थांबा, उतरा, आधी पायी बघून या. शेजारचा माणूस हे सगळं योग्य वेळी मोठ्याने वाचतो आणि चालवणारा त्याच्या शब्दावर गाडी सोडतो. हे मला हिने एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. मी विचारलं, “आणि त्याने चुकीचं वाचलं तर?” ही म्हणाली, “म्हणून तर कोणालाही बसवत नाहीत.”

ती मुलगी इथे, या कन्नड मुलखातल्या शहरात, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेली, दूर मारतहळ्ळीच्या वस्तीत राहणारी, तिशीच्या आसपासची. एका रविवारी कोणाच्या तरी गाडीत मागे बसून आली आणि पुढच्या रविवारपासून हिच्या शेजारी बसू लागली. हिला ती ताई म्हणायची आणि मला काका. मी हिच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा. एकाच घरातल्या दोन माणसांच्या मध्ये तिने सहज एक पिढी घालून टाकली, आणि ही त्यावर खूप हसली.

घरी आम्ही फारसं बोलत नसू. दोन वाचणारी माणसं एका खोलीत बसली की जेवढं बोलतात तेवढंच. मला ते पुरेसं वाटायचं. पण रविवारी संध्याकाळी जीप आमच्या गल्लीत वळली की इंजिनाच्या आवाजातूनही दोघींच्या बोलण्याचा आवाज यायचा. गाडी थांबल्यावरही दहा-दहा मिनिटं त्या आत बसून बोलत राहायच्या. दिवसभर शेजारी बसूनही संपू नये असं काय बोलत असतील ते मला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं. ही म्हणाली, “काही नाही रे, असंच.”

जुनी रेल्वेलाइन मी शोधली होती. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून काढून टाकलेल्या कागदांत मला एक फाटकं वेळापत्रक मिळालं. येलहंक्याच्या पुढे, कोलारच्या अंगाला, अरुंद रुळांची एक लहानशी शाखा होती. रूळ उचलून नेल्याला कितीतरी वर्षं झाली. वेळापत्रकात स्टेशनांची नावं आणि त्यांच्यामधली मैलांतली अंतरं तेवढी उरली होती. मी ते जेवताना सांगितलं. हिने घास ताटात ठेवला आणि कागद दाखव म्हणाली. तीन दिवस आम्ही दोघं जमिनीवर नकाशे पसरून बसलो. भराव अजून असेल का, ओढ्यांवरच्या मोऱ्या शाबूत असतील का, कुठे नाचणीचं शेत झालं असेल, कुठे निलगिरी. ते तीन दिवस फार चांगले गेले.

रविवारी त्या मुलीचा फोन आला. ही आंघोळीला गेली होती म्हणून मी घेतला. “काका, ताईने काय भारी लाइन शोधली बाप्पा,” ती म्हणाली. मी “हो” म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोघींनी त्या लाइनचे तीन टप्पे पाडले. पुढे पाच गाड्यांची मोठी मोहीम काढायची, त्याआधी प्रत्येक टप्पा जाऊन बघून यायचा आणि वहीत उतरवायचा, असं ठरलं. पहिले दोन टप्पे त्या दोघींनी चार-पाच रविवारांत केले. ही मला दर वेळी “येतोस का” विचारायची. मी पाठीचं कारण सांगायचो. पाठ दुखायचीच, खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत, एका बुधवारी, हिने रजा घेतली होती. मी पेपर वाचत होतो. ही चपला घालत म्हणाली, “चल ना. तिसरा टप्पा बघून येऊ. तिला आज ऑफिस आहे.” मी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. ती रिकामी नाही, म्हणून मला विचारलं जातं आहे. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, “आज नको.” ही दारात क्षणभर उभी राहिली. “तिला सांगू नकोस हं,” म्हणाली, “तिच्याशिवाय गेले म्हणून रुसेल.” आणि गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा केसांत लाल धूळ होती. दमली होती. तो थकवा मला प्रवासाचा वाटला. फेब्रुवारीत डॉक्टरांनी दुखणं सांगितलं आणि एप्रिलमध्ये ही गेली.

जीप आमच्या दारातच उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून ती मुलगी एक रविवार सोडून यायची, जीप चालू करायची, गल्लीतून एक फेरी मारून आणायची. मी खिडकीतून किल्ली द्यायचो आणि खिडकीतूनच परत घ्यायचो.

या जानेवारीत एकदा ती किल्ली द्यायला आत आली. बसू का म्हणाली. मी चहा केला.

“काका, अण्णा म्हणून राहिले, लाइनवर जायचं. पुढच्या महिन्यात.” अण्णा म्हणजे येलहंक्यात गॅरेज असलेले गृहस्थ, त्यांच्या गटाचे म्होरके. “ताईच्या नावाने वगैरे नाही. पाट्या-बिट्या काही नाही लावायच्या. तिने ठरवलं होतं तसं फक्त जायचं.”

“चांगलं आहे.”

“जीप मी चालवू?”

मला नाही म्हणायचं होतं. कारण सापडेना. “चालव,” म्हणालो. “आणि शेजारी?”

“तेच तर पाहून राहिले. वही आहे न तुमच्याकडे?”

वही हिच्या टेबलाच्या खणात होती. मी आणून दिली. त्या मुलीने ती मांडीवर घेतली, सवयीची वस्तू घेतात तशी. पहिल्या दोन टप्प्यांत पानापानावर दोन अक्षरं होती, हिचं पेन्सिलीतलं आणि तिचं निळ्या शाईतलं. काही ठिकाणी एकीने लिहिलेलं दुसरीने खोडलं होतं, आणि कडेला काहीतरी थट्टा होती जी मला कळत नव्हती. मी ती पानं आधी बऱ्याच वेळा वाचली होती.

तिसऱ्या टप्प्याशी आल्यावर ती थांबली. तिथे फक्त पेन्सिल होती.

“हे कधी केलं?”

“गेल्या जानेवारीत.”

“माझ्याशिवाय?” तिने दोन पानं पुढे उलटली, पुन्हा मागे आली. “एकटी तर ती जायची नाही. एकटं जायचं नाही, हा तिचाच नियम होता. कोणी एकटं गेलं तर ती महिनाभर त्याच्याशी बोलायची नाही.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्ही होते तिच्यासोबत?”

“हो,” मी म्हणालो.

मी ठरवून खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. पण तोंडातून निघाल्यावर मागे घेतलं नाही, एवढं खरं. तिचा चेहरा उतरला. वर्षानुवर्षं रविवारी संध्याकाळी खिडकीत माझा चेहरा जसा होत असेल, तसा तो झाला होता, आणि तो मला समोर बसून बघायला मिळत होता. मला आतून ऊब आल्यासारखं वाटलं. मी तिला आणखी चहा ओतला.

“मला बोलली नाही ती,” ती म्हणाली.

“असेल काही मनात.”

“हो.” तिने वही मिटली. “मग तर झालंच. तुम्ही रस्ता पाहिलेला आहे. तुम्हीच बसा डावीकडे.”

जाताना तिने पानांचे फोटो काढून घेतले आणि वही माझ्याकडे ठेवली. पुढचे आठ दिवस मी त्या वहीत बुडून गेलो. हिचं अक्षर, हिचे बाण. तिसऱ्या टप्प्यात नोंदी कमी होत्या. चालवणाऱ्या माणसाला दर ठिकाणी थांबून लिहिणं जमत नाही हे मला तेव्हा सुचलं नाही. मी प्रत्येक नोंद पाठ केली. पाठ करता करता मला हळूहळू खरंच वाटायला लागलं की मी तिथे होतो. मोडक्या स्टेशनाच्या भिंतीशी आम्ही डबा उघडला असेल. हिने मला मीटर वाचायला शिकवलं असेल. मी चुकलो असेन, ही हसली असेल. रात्री अंथरुणात पडल्यावर मी त्या दिवसात एकेक गोष्ट भरत गेलो. हिच्या आयुष्यातला तो एक बुधवार मी त्या मुलीकडून काढून घेतला होता आणि मला तो परत द्यायचा नव्हता.

रविवारी येलहंक्याच्या जुन्या भागातल्या एका दर्शिनीत बैठक ठरली. उभ्याने खायची गोल टेबलं असतात तसली जागा. इडलीच्या ताटल्या बाजूला सारून अण्णांनी टेबलावर नकाशा पसरला. अण्णांचं घराणंही आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथलं. त्यांच्या मराठीत कन्नड मीठ असावं तसं असायचं. बाकीचे तीन चालक नकाशावर वाकले. ती मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. तिने मला “काका” म्हटलं नाही. नुसती मान हलवली.

“सर, स्वल्प प्रॉब्लेम आहे,” अण्णा म्हणाले. “पहिल्या दोन टप्प्यांचे आकडे नकाशाशी बरोब्बर जुळतात. तिसरा जुळत नाही.”

“मी सगळं टाकून पाहिलं,” ती मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली. “प्रत्येक खूण कमी अंतरावर लिहिलीये. ताईचं माप चुकून राहिलं त्या दिवशी. बोलण्यात लक्ष असेल.”

हा टोमणा होता आणि तो मला होता. अण्णा म्हणाले की मग तिसरा टप्पा सोडूनच देऊ, धोका कशाला. मला राग आला. हिचं माप चुकलं असं चार माणसांत कोणी म्हणावं हे मला सहन होईना. मी पिशवीतून ते फाटकं वेळापत्रक काढलं. त्यातले मैल मी घरीच किलोमीटरमध्ये करून हिच्या आकड्यांशेजारी लिहून आणले होते.

“चूक असती तर कुठे जास्त, कुठे कमी असतं,” मी म्हणालो. “हे बघा. या दोन स्टेशनांमध्ये दहा हवेत, हिने नऊ पॉइंट तीन लिहिलेत. पुढच्या दोघांत पाच हवेत, इथे साडेचार आणि वर थोडं. सगळीकडे तेवढाच भाग कमी आहे. माणूस चुकताना इतका सारखा चुकत नाही.”

मग त्या मुलीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“टायर,” ती म्हणाली.

“काय?”

“ताईने डिसेंबरात टायर बदलले. मोठे टाकले. चाक मोठं झालं की तेवढ्याच वाटेत कमी वेळा फिरतं, मीटर कमी दाखवतो. आकडे बरोबर आहेत. तिच्या त्या गाडीसाठी बरोबर आहेत.”

“आयतु, झालं तर,” अण्णा म्हणाले. “म्हणजे जीपच पुढे राहणार. बाकीचे मागे.”

सगळे खूश झाले. मीही व्हायला हवं होतं. पण माझ्या दारात वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचे टायर बदललेले आहेत हे मला माहीत नव्हतं आणि तिला होतं. शिवाय त्या बुधवारी जीपमध्ये बसून गेलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. ती तसं काही बोलली नाही. बाकीच्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग अण्णांनी वहीतल्या शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. “सर, ही मोरी. तीन उद्गारचिन्हं आहेत, पण बाण नाही. वरचा भाग कोसळलाय म्हणतात, म्हणजे भरावावरून खाली उतरून जावं लागणार. तुम्ही कुठून उतरलात?”

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही.

“उजवीकडून,” मी म्हणालो.

अण्णांनी लाल पेनने उजवीकडे बाण काढला. “सरी, ठीक. बरं झालं तुम्ही बघितलंय. गावातला एक म्हातारा म्हणत होता की एका बाजूला गवतात जुनी विहीर आहे, कठडासुद्धा नाही. कुठल्या बाजूला ते त्याला आठवेना. फोनवर तासभर बोललो. आता काळजी नाही.”

मी पेला उचलून कॉफी प्यायलो. ती मुलगी लॅपटॉप मिटून सगळ्यांच्या आधी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारतहळ्ळीची बस धरली. फोन करता आला असता. पण फोनवर माझ्याकडून पुन्हा खोटं बोललं गेलं असतं, एवढी मला स्वतःची ओळख होती. बेळ्ळंदूरपाशी बस पाऊण तास एकाच जागी उभी होती. शेजारच्या बसमधला एक माणूस खिडकीत दाढी करत होता. मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात माझी बाजू थोडी बरी दिसेल अशी काहीतरी सोय होत होती. ती काढून टाकायला तो पाऊण तास लागला.

ती घरून काम करत होती. कानाला हेडफोन लावून तिने दार उघडलं, मला खुर्ची दाखवली आणि दहा मिनिटं कोणाशी तरी इंग्रजीत बोलत राहिली. भिंतीवर लाइनचा मोठा नकाशा होता. त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा होता.

बोलणं संपल्यावर तिने हेडफोन गळ्यात उतरवला. “बोला.”

“मी नव्हतो.”

“कुठे?”

“त्या दिवशी. जीपमध्ये. ही एकटी गेली होती.”

तिने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाली, “विहीर?”

“कुठल्या बाजूला आहे, मला माहीत नाही. विहीर आहे हेच मला काल कळलं.”

तिने सगळ्यात आधी अण्णांना फोन लावला. “अण्णा, तो उजवीकडचा बाण खोडा. हो. काकांना नीट आठवून नाही राहिलं. नाही, वाईट काय वाटायचं त्यात. आपण जाऊन बघू.” माझ्यासाठी ती इतकं सहज खोटं बोलली की मला खाली बघावं लागलं. फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली.

“काहून बोलले असं?”

“तुझा हेवा वाटायचा.”

“माझा?” ती खरोखरच चकित झाली होती. “तुम्ही रोज घरी होते न बाप्पा तिच्यासोबत. मला एक रविवार मिळायचा. त्यातही अर्धा वेळ आम्ही चिखलातून गाडी काढून राहिलो असायचो.”

“तुमचं बोलणं संपायचं नाही.”

“संपायचं कसं? तिचं अर्धं तुमच्याबद्दल असायचं. यांनी हे वाचलं, यांनी ते काढलं. मला तर कंटाळा यायचा कधीकधी.” ती थोडं हसली आणि मग तिचं हसू गेलं. “तुम्हाला माहीत आहे मी आठ दिवस काय केलं? तिच्यावर रागावून होते. मेलेल्या माणसावर. तिथे आमच्या दोघींचा फोटो होता, तो काढून ठेवला. मला वाटलं, शेवटची वाट ती मला टाळून गेली.”

एकच गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती मी वर्षभर कोणाला दिली नव्हती.

“जाताना तुझ्याबद्दल बोलली होती,” मी म्हणालो.

“काय?”

“तिला सांगू नकोस, तिच्याशिवाय गेले म्हणून रुसेल.”

“असंच म्हणाली?”

“असंच. चपला घालून दारात उभी होती.”

“रुसले तर मी,” ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. मी भिंतीकडे बघत बसलो. ते वाक्य देऊन टाकलं तेव्हा मला जड गेलं, हे लपवत नाही. हिचं दारातलं ते शेवटचं नीट आठवणारं वाक्य होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “आणि तुम्ही काहून नाही गेले?”

“तू नव्हतीस म्हणून मला विचारतेय, असं वाटलं.”

“मग? मी नाही तर तुम्ही. तिसरं कोणी नव्हतंच न तिच्याकडे. तेवढं पुरलं नाही तुम्हाला?”

 

शनिवारी आम्ही गेलो. जीप ती चालवत होती, मागे अण्णा त्यांच्या गाडीत. मी डावीकडे बसलो, कारण दुसरी जागाच नव्हती. वही माझ्या मांडीवर होती. येलहंका मागे पडल्यावर दीड-दोन तासांनी डांबर संपलं, आणि निलगिरीतून वाट काढत आम्ही त्या भरावावर चढलो. खाली शेतं आणि मधून ही उंच, अरुंद, गवताने झाकलेली सरळ रेघ. अधूनमधून चाकाखाली खडी वाजायची. मी आकडे वाचत होतो. दोन ठिकाणी खुणेच्या पुढे गेल्यावर वाचले. तिने मुकाट्याने जीप मागे घेतली.

मोरीच्या अलीकडे तिने जीप थांबवली. आम्ही उतरलो. वरचा भाग खरोखरच कोसळला होता. दगडी भिंती दोन्हीकडे उभ्या आणि मध्ये पुरुषभर खोल पोकळी. अण्णा काठी घेऊन डावीकडे उतरले आणि थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. गवतात, उताराच्या अगदी पायाशी, विहीर होती. वरून पाण्याऐवजी नुसता काळोख दिसत होता.

“बघा सर,” अण्णा वर येत म्हणाले, “तुम्हाला बरोबर आठवत होतं. उजवीकडूनच. उगाच स्वतःवर शंका घेता.”

मी मुलीकडे पाहिलं. तिने नजर वळवली. त्या क्षणी कोणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती भरावावर मागे-पुढे चालत जमीन बघत होती. मोरीच्या दहाएक पावलं अलीकडे उभी राहून म्हणाली, “काका, ती इथून परत फिरली. बघा न, ही एवढीच जागा रुंद आहे, इथेच गाडी वळते.”

“कशाला फिरेल?”

“उतार तिरका आहे. इथून खाली जाताना चालवणाऱ्याला बॉनेटशिवाय काही दिसत नाही. समोर कोणीतरी उभं राहून हात दाखवावा लागतो. एकटी होती. म्हणून बाण नाही वहीत. तिने ठरवलंच नाही.”

हिने तिथे किती वेळ वाट पाहिली असेल कोण जाणे. वाट कोणाची बघणार होती, हा प्रश्न आहेच. वही घेऊन बसली असेल, तीन उद्गारचिन्हं काढली असतील, आणि बाणाची जागा सोडून गाडी वळवली असेल. मी तेव्हा घरी पेपरातलं शब्दकोडं सोडवत असेन.

“मी उभा राहतो,” मी म्हणालो.

तिने मला खुणा शिकवल्या. दोन्ही हात स्वतःकडे, म्हणजे ये. एक हात बाजूला, म्हणजे त्या अंगाला वळव. मूठ वर, म्हणजे आहे तिथे थांब. “माझ्याकडे बघू नका,” ती म्हणाली, “चाकाकडे बघा. मी तुमच्याकडे बघते.”

मी उजवीकडच्या उताराच्या तळाशी, पायाखाली दगड चाचपून उभा राहिलो. वर जीपचं नाक दिसलं, मग माझ्याकडे झुकणारं बॉनेट. काचेवर उजेड होता, तिचा चेहरा दिसत नव्हता. मी हात स्वतःकडे हलवले. जीप उतारावर आली. आठवड्यापूर्वी याच जागेबद्दल तिला खोटं सांगणाऱ्या माणसाच्या दोन हातांवर ती एक-एक वीत खाली सोडत होती. डावं पुढचं चाक एका सुट्या दगडावर चढू लागलं. मी ते पाहिलं, आणि मूठ वर करायला मला एक क्षण जास्त लागला. दगड सुटला, जीप कलली, घसरली आणि थांबली. वरून अण्णांनी “ए, ए” केलं. मग ती हळूच सरळ झाली आणि माझ्यापासून चार हातांवर येऊन सपाटीला लागली.

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “उशीर केला.”

“हो.”

“ताई असती तर ओरडली असती.”

“तुझ्यावर ओरडायची?”

“दर रविवारी. एकदा तर मला खाली उतरवून दिलं होतं, अर्धा किलोमीटर चालत आले.”

“माझ्यावर कधीच नाही ओरडली,” मी म्हणालो. बत्तीस वर्षांत एकदाही नाही. लोक याचं कौतुक करायचे. तिथे, त्या उताराच्या तळाशी, मला तिने खाल्लेल्या त्या ओरड्याचाही हेवा वाटला.

तिने डोकं आत घेतलं, गिअर टाकला आणि जीप मागे घेऊन पुन्हा उतार चढायला लागली.

“परत कशाला?” मी विचारलं.

“पुढच्या महिन्यात मागे चार गाड्या असतील. परत उभे राहा. आता उशीर केला तर मी ओरडणार आहे, काका.”

मी मागे सरकलो, पायाखालचा दगड पक्का आहे ना ते पाहिलं आणि चाकाकडे बघत हात वर केले.